श्वासाची राखण

मण्यार रात्री चावते. लावणीचे दिवस असतात, माणसं दिवसभर चिखलात राबून जमिनीवरच अंथरूण टाकून झोपलेली असतात. तिचे दात इतके बारीक की पुष्कळदा झोपमोडही होत नाही. सकाळी पाहावं तर सूज नाही, रक्त नाही, खूणही सापडत नाही. पोटात कळ येते, उलटी होते आणि घरात कुणीतरी म्हणतं, रात्रीचं जेवण बाधलं असेल. मग पापण्या मिटायला लागतात. शब्द जडावतात, थुंकी गिळता येत नाही, ती घशात साठून घरघर सुरू होते, उशीवरून मान उचलत नाही. ‘पान लागलंय’ हे ध्यानात येऊन गाडी मिळेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. या माणसाचं हृदय चांगलं चाललेलं असतं, मेंदू जागा असतो, फुप्फुसांत दोष नसतो. श्वास घेणारे स्नायू तेवढे विषाने थांबत चाललेले असतात. काही दिवस त्याचा श्वास दुसऱ्या कुणी चालवला, तर तो आपल्या पायांनी घरी जातो.

अतिगंभीर रुग्णाचा श्वासमार्ग आणि तो राखण्यातलं परिचारिकेचं काम हा या पुस्तकाचा विषय आहे. या विषयावर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे; पण ते बहुतेक मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागासाठी, जिथे भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतो आणि दर खाटेला मॉनिटर असतो. हे पुस्तक मराठीत लिहिलं गेलं, आणि तालुक्याच्या रुग्णालयात, आरोग्य केंद्रात, रुग्णवाहिकेत काम करणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर यांना समोर ठेवून लिहिलं गेलं. नर्सिंग शिकवण्यात माझा जन्म गेला. असं पुस्तक हाती असावं असं मला फार वर्षं वाटत होतं. म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली तरी वाचकांनी सांभाळून घ्यावं.

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांचा विचार केल्याशिवाय मला या विषयाकडे वळता येत नाही. रायगड म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. हे तालुके मात्र सह्याद्रीच्या पायथ्याला चिकटलेले, आतले. महाडहून वरंध घाट भोरकडे चढतो, पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वरला आणि कशेडी खेडकडे. जिल्हा रुग्णालय अलिबागला, शंभरेक किलोमीटरवर. मुंबई पावणेदोनशेच्या आसपास. सावित्रीला पूर आला की ही अंतरं मोजण्यात अर्थच उरत नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. ३० जण गेले, एकच वाचला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ जणांचा बळी गेला. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, २२ जुलै २०२१ ला, महाड शहर पाण्याखाली गेलं, तळिये गावावर डोंगर आला, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. ढिगाऱ्यातून काढलेला माणूस, दरीतून वर आणलेला माणूस, पुरात नाकातोंडात पाणी गेलेला माणूस: तिघांच्याही बाबतीत पहिला प्रश्न एकच असतो, हवा आत जाते आहे का?

या भागाला वैद्यकाच्या इतिहासात एक जागा आहे, आणि ती खाटेजवळ बसून राहण्यामुळे मिळाली आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने कोकणात धडधाकट माणसं आणि मुलं मरत होती. का मरतात हे नीट कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी रुग्णाजवळ बसून घाम, नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारठा, श्वासाचा वेग यांची नोंद ठेवली. त्यांचं निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग १९८६ मध्ये त्याच नियतकालिकातून जगापुढे गेला. विंचूदंशाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आले. पुढे २००४ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी मण्यार आणि नागाच्या दंशावर, ग्रामीण परिस्थितीत उपचार कसे करावेत यावर, महाडच्या अनुभवातून लिहिलं. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. हे सगळं इथे सांगण्याचं कारण असं, की रुग्णाजवळ तासन्‌तास राहून पाहणं हे या ज्ञानाचं मूळ आहे. आणि आपल्या रुग्णालयांत रुग्णाजवळ सगळ्यांत जास्त वेळ कोण असतं, हे कुणाला सांगायला नको.

आता मूळ विषयाकडे येते. श्वासमार्ग धोक्यात येण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्या माणसाची जीभ मागे पडते. त्याचा जबडा पुढे उचलला, मान न हलवता, की घोरणं थांबतं आणि छाती वर-खाली होऊ लागते. कीटकनाशक प्यायलेल्या माणसाच्या तोंडातून, नाकातून, श्वासनलिकेतून स्राव इतका वाहतो की ॲट्रोपिन आणि सक्शन दोन्ही एकाच वेळी चालवावे लागतात. विंचूदंशाच्या वाईट रुग्णात फुप्फुसांत पाणी भरतं, तो आडवा होऊ शकत नाही, तोंडाला गुलाबी फेस येतो. त्याला जबरदस्तीने झोपवणं म्हणजे त्याला बुडवणं आहे, त्याला बसतंच ठेवायचं. मण्यारीच्या किंवा नागाच्या दंशात फुप्फुसं स्वच्छ असतात, भाता मात्र थकतो.

या शेवटच्या रुग्णाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे यंत्र फसवतं. नाकाला ऑक्सिजन लावलेला असला तर बोटावरचं सॅच्युरेशन बराच वेळ ९८ दाखवत राहतं, आणि तेवढ्यात श्वास उथळ होत होत रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. आकडा पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून बघायचं ते माणसाकडे. त्याला एक मोठा श्वास घ्यायला सांगून त्याच श्वासात आकडे मोजायला लावायचे. आल्यावर पंचवीसपर्यंत गेला, अर्ध्या तासाने अठरापर्यंत, मग अकरापर्यंत. याला कुठलंही उपकरण लागत नाही, वीज लागत नाही, फक्त तेच ते पुन्हा करून वेळेसह लिहून ठेवणारं माणूस लागतं. उशीवरून डोकं उचलता येतं का, जीभ बाहेर काढता येते का, थुंकी गिळतो आहे की गालात साठवतो आहे, हेही तसंच. नागाच्या विषावर प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिनचा गुण येतो. मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करतं. एकदा ती झाली की प्रतिविष ती भरून काढत नाही, टोकं पुन्हा सावरेपर्यंत श्वास आपणच द्यायचा असतो, आणि त्याला दिवस लागतात.

हाताने श्वास देता येतो आणि त्यावर माणूस दिवसचे दिवस तगतो, हे जगाला पटलं ते कोपनहेगनमध्ये. १९५२ साली तिथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे आणि घशाचे स्नायू गेलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन आठवड्यांत दगावले. त्या वेळची यंत्रं त्यांना पुरी पडत नव्हती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देववून नळी बसवली आणि रबरी पिशवी दाबून तिला श्वास दिला. ती जगली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. अतिदक्षता विभाग ही कल्पनाच तिथून रुजली. आपण आज जिला अंबू बॅग म्हणतो ती आपोआप फुगणारी पिशवी त्यानंतर चार वर्षांनी, १९५६ मध्ये, डेन्मार्कमध्येच तयार झाली.

महाड-पोलादपूरच्या परिचारिकेला हा इतिहास परका वाटणार नाही. पुरात वीज गेली, जनरेटर भिजला, व्हेंटिलेटर बंद पडला, की हातात उरते ती अंबू बॅगच. घाटातल्या किंवा महामार्गावरच्या रुग्णवाहिकेतही तीच. राज्यात १०८ क्रमांकाची सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हाच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या होत्या, उरलेल्या ७०४ साध्या. गाडी कुठलीही असो, पिशवी दाबणारा हात शिकलेला हवा. घाबरलेला हात जोरात आणि भराभर दाबतो. हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते आणि ती फुप्फुसांत उतरते. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांतून एकदा, छाती उचललेली दिसेल इतकंच दाबायचं. एका हाताने मास्क बसत नसेल तर दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि दाबायला दुसऱ्याला बोलवावं. वॉर्डातल्या मामांना, मावशींना, अगदी रुग्णाच्या भावालाही हे शिकवता येतं. पुस्तकातलं बॅगवरचं प्रकरण सगळ्यांत लांब आहे, आणि ते तसंच हवं होतं. नळी टाकण्याचं कौतुक फार होतं. बॅग नीट मारता येणाऱ्या माणसाने वाचवलेले जीव कुणी मोजत नाही.

नळी टाकणं हे डॉक्टरांचं काम. मग त्या वेळी परिचारिकेने काय करायचं, तर नुसतं सामान हातात द्यायचं, अशी समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ती चुकीची आहे आणि घातकही आहे. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या निरोगी माणसाला आधी नीट ऑक्सिजन दिला, तर श्वास थांबवल्यावरही त्याचं रक्त सात-आठ मिनिटं धीर धरतं. न्यूमोनियाच्या किंवा रक्तस्रावाच्या रुग्णाकडे तेवढी पुंजी नसते. मिनिट-दोन मिनिटांत आकडे कोसळतात, आणि भुलेच्या औषधाबरोबर रक्तदाबही खाली येतो. २९ देशांतल्या २,९६४ अतिगंभीर रुग्णांचा ‘इंट्यूब’ हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नळी टाकताना किंवा लगेच नंतर ४५ टक्के रुग्णांमध्ये काहीतरी मोठं विपरीत घडलं होतं. सगळ्यांत जास्त बिघाड रक्ताभिसरणाचा. १०० पैकी तिघांचं हृदय थांबलं. हे आकडे भीती घालण्यासाठी मी देत नाही. त्या दोन-तीन मिनिटांत डॉक्टरांचे डोळे रुग्णाच्या घशात असतात, त्यामुळे मॉनिटरकडे, नाडीकडे आणि घड्याळाकडे पाहणारे डोळे दुसऱ्या कुणाचे तरी असलेच पाहिजेत, हे यातून कळतं.

२०१६ मध्ये ‘ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशन’ने आपल्या देशातल्या अतिदक्षता विभागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांच्या लेखनाची धुरा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. शीला मायात्रा यांनी सांभाळली. त्यांतला मला सगळ्यांत मोलाचा वाटलेला भाग म्हणजे ऑक्सिजन कधीही तुटू न देण्याचा आग्रह. प्रयत्न मोजकेच करायचे, नाकातून ऑक्सिजन चालूच ठेवायचा, सॅच्युरेशन ९५ च्या खाली घसरलं की नळीचा हट्ट सोडून बॅगने श्वास द्यायचा. हे कागदावर सोपं आहे. पण थांबा, असं म्हणणार कोण?

इथे मला इलेन ब्रोमिली यांची हकीकत सांगितलीच पाहिजे. इंग्लंडमधली ही ३७ वर्षांची बाई, दोन लहान मुलांची आई, २००५ मध्ये सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात आली. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. नळी जाईना आणि मास्कनेही हवा जाईना. तीन अनुभवी डॉक्टर तिथे होते आणि ते नळीचेच प्रयत्न करत राहिले. एका परिचारिकेने गळ्याला छेद देण्याचं सामान आणून ते तयार असल्याचं सांगितलं. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट मिळवली. पण आपण उगाच घाबरलो की काय असं समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून वाटून तिने ती रद्द केली. काय करायला हवं ते परिचारिकांना कळत होतं, ते कसं बोलावं हे कळलं नाही. इलेन काही दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन वैमानिक होता. विमानाच्या कॉकपिटमध्ये सहवैमानिकाने न घाबरता कॅप्टनला टोकायचं, हे त्यांच्या प्रशिक्षणातच असतं. त्याने कुणावर सूड धरला नाही. रुग्णालयांतही हे शिकवलं जावं म्हणून त्याने पुढची वर्षं वेचली.

आपल्याकडे ‘सर’ आणि ‘मॅडम’ यांच्यापुढे आवाज चढवायचा नाही, हे वळण आपल्याला शाळेपासून असतं. आदर राहू द्यावा, पण आकडा मोठ्याने सांगण्यात अनादर नाही. ‘सर, सॅच्युरेशन ८८. बॅग मारू या.’ ‘मॅडम, दुसरा प्रयत्न झाला, मी मोठ्या डॉक्टरांना फोन लावते आहे.’ अशी वाक्यं पुस्तकात आयती दिलेली आहेत आणि ती तोंडपाठ करायला सांगितली आहेत. संकटात माणसाला नवं वाक्य सुचत नाही, पाठ असलेलंच बाहेर पडतं. डॉक्टरांनीही हे प्रकरण वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘आकडा घसरला की मला मोठ्याने सांगा’ एवढं त्यांनी सुरुवातीलाच म्हटलं, तर अर्धी भीड तिथेच चेपते.

नळी बसली की डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे जातात आणि परिचारिकेची राखण सुरू होते. ब्रिटनमधल्या श्वासमार्गाच्या गुंतागुंतींची देशव्यापी पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. अतिदक्षता विभागात बसवलेली नळी नंतर सरकणं, निसटणं हे तिथे वारंवार आढळलं. आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ न वापरल्यामुळे अतिदक्षता विभागातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू व कायमच्या इजा घडायला हातभार लागला, असा निष्कर्ष निघाला. ज्या रुग्णालयात व्हेंटिलेटर घ्यायला पैसे मिळतात, तिथे या छोट्या यंत्राचाही आग्रह धरायला हवा. बाकीची कामं रोजची आहेत. नळी ओठापाशी किती सेंटिमीटरवर आहे ते दर पाळीला पाहून लिहायचं. कूस बदलताना, एक्स-रे काढताना, स्ट्रेचरवर घेताना नळी एका माणसाने धरूनच ठेवायची. टोकाच्या फुग्यातला दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका. कमी झाला तर लाळ खाली झिरपते, जास्त झाला तर श्वासनलिकेचं अस्तर सडतं. सक्शन गरजेनुसार, घड्याळ लावून नाही, आणि एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. तोंड स्वच्छ. गळ्याला छेद दिलेल्या रुग्णाच्या उशाशी त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशा दोन नळ्या कायम.

नळी असलेल्या माणसाला बोलता येत नाही, हे नातेवाइकांना कुणीतरी समजावून सांगावं लागतं. ‘आमच्या माणसाची वाचा गेली’ म्हणून घरचे हंबरडा फोडतात तेव्हा तिथे सिस्टरच असते. आणि मण्यारीच्या रुग्णाबाबत तर हे विसरून चालणारच नाही, की डोळे उघडत नाहीत, बाहुल्या हलत नाहीत, चिमटा काढला तरी हात हलत नाही, तरीही त्याला सगळं ऐकू येत असतं. अशा रुग्णाला मेंदू गेला असं समजून सोडून देण्याचा धोका खरा आहे. त्याच्या खाटेपाशी ‘आता काही आशा नाही’ असं कुणी बोलू नये. उलट दर वेळी हात लावण्याआधी सांगावं: काका, मी नळीतला चिकटा काढते आहे, थोडा ठसका लागेल.

हे सगळं एका परिचारिकेने करायचं तर तिच्याकडे व्हेंटिलेटरवरचा रुग्ण एकच असावा. प्रत्यक्षात रात्रपाळीला तिच्याकडे किती खाटा असतात हे वाचक जाणतात. इंडियन नर्सिंग काउन्सिलने अतिदक्षता परिचर्येचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. तो पुरा केलेली परिचारिका तालुक्याच्या ठिकाणी टिकावी असं पद आणि असा पगार मात्र अजून उभा राहायचा आहे. मला याचा राग आहे, आणि तो लपवावा असं वाटत नाही. पुस्तकाने कर्मचाऱ्यांची संख्या वाढत नाही. पण लिहून ठेवलेली नोंद वाढवते: किती रुग्ण आले, कुणाची नळी कधी निसटली, त्या वेळी वॉर्डात कोण होतं. या नोंदीचे कोरे तक्ते पुस्तकात जोडले आहेत. ते भरून वरिष्ठांपुढे ठेवण्याचा प्रत्येक परिचारिकेला हक्क आहे.

शेवटच्या पानावर पाळी बदलताना करायची तपासणी आहे: लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, सक्शन ओढतं का, बॅगची झडप ठीक आहे का, लहान मुलांचा मास्क जागेवर आहे का, सिलिंडर किती भरलेला आहे, आणि तो उघडायचा पाना कुठे आहे. हा पाना हरवतो, हे प्रत्येक रुग्णालयाला ठाऊक आहे. तो सिलिंडरलाच साखळीने बांधावा. खाली फोन नंबरांसाठी जागा सोडलेली आहे: जवळचे भूलतज्ज्ञ, पुढचं रुग्णालय, रुग्णवाहिका, आणि पूर आला तर पर्यायी रस्त्याची माहिती देणारं तालुक्यातलं कुणी. पुस्तक हाती येईल त्याच पाळीत ती जागा भरा, पान फाडून काढा आणि आपत्कालीन ट्रॉलीच्या वरच्या भिंतीवर लावा.